क्विअर ज्येष्ठांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात? माइक चालू करायच्या आधी हे वाचा

प्राइड जवळ आला किंवा एलजीबीटी इतिहासाचा महिना आला की बऱ्याच क्विअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स वगैरे) ग्रुप्सना एकदम उत्साह येतो, आपल्यातल्या जुन्या लोकांच्या गोष्टी गोळा करूया, छोटं प्रदर्शन करूया, एक संध्याकाळ ठेवूया. कल्पना उत्तम, पण काम बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतं. आधी पोस्टर, मग फोनवर घाईघाईत रेकॉर्डिंग, मग एडिटिंग, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री कुणालातरी आठवतं की अरे परवानगीची सही राहिली. त्या वेळी समोरचा माणूस नाही म्हणणार कसा, पोस्टरवर त्याचं नाव छापून झालेलं असतं.

म्हणून हा क्रम. थोडा कंटाळवाणा वाटेल पण यातली एखादी पायरी गाळली की नुकसान तुमचं होत नाही, ज्याने विश्वासाने बोललं त्याचं होतं.

## टप्पा १: हे सगळं शेवटी जाणार कुठे, ते आधी ठरवा

एका कागदावर लिहा: रेकॉर्डिंग फक्त जपून ठेवायचंय, बंद खोलीतल्या कार्यक्रमात ऐकवायचंय, प्रदर्शनात लावायचंय की इंटरनेटवर टाकायचंय. या चारांसाठी परवानगी वेगळी, तयारी वेगळी आणि धोकाही वेगळा. ‘आधी रेकॉर्ड तर करू, मग बघू’ ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण मग परवानगी नक्की कशाची घ्यायची हेच तुम्हाला माहीत नसतं.

मूळ फाइल्स कायमच्या कोण सांभाळणार तेही आत्ताच ठरवा. ग्रुप फुटतात, लोक गाव बदलतात, लॅपटॉप बिघडतात. एखादा समुदायाचा स्वतःचा संग्रह घ्यायला तयार असेल तर त्यांच्याशी आधीच बोला, न्यूयॉर्कचा लेस्बियन हर्स्टरी अर्काइव्ह्ज १९७४ पासून असंच साहित्य जपतोय. प्रत्येक संग्रहाचे फॉर्म आणि फाइलच्या अटी ठरलेल्या असतात, नंतर कळल्या तर सगळ्या सह्या परत घ्याव्या लागतात.

तारीख ठरवतानाही जरा बघा. एलजीबीटी इतिहासाचा महिना अमेरिकेत ऑक्टोबर, ब्रिटनमध्ये फेब्रुवारी. १७ मे (समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या द्वेषाविरुद्धचा दिवस) आणि ३१ मार्चलाही (ट्रान्स लोकांच्या दृश्यतेचा दिवस) कार्यक्रम होतात. पण २० नोव्हेंबर हा मारल्या गेलेल्या ट्रान्स लोकांच्या स्मरणाचा दिवस आहे, त्या दिवशी फुगे लावून धमाल संध्याकाळ ठेवू नका. आणि कुठलीही तारीख पकडा, पण रेकॉर्डिंग आणि कार्यक्रम यांच्यात किमान दोन-तीन महिने ठेवा. का ते टप्पा ६ ला कळेल.

## टप्पा २: संपर्क, आणि रेकॉर्डरशिवाय पहिली भेट

इथे लोक सगळ्यात निष्काळजी असतात. उत्साहात एक व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, त्याला इंद्रधनुष्याचं चित्र लावतात आणि दहा ज्येष्ठांना न विचारता त्यात टाकतात, झालं, दहाही जणांचे नंबर एकमेकांना आणि त्यांच्या फोनमध्ये डोकावणाऱ्या नातवंडांना दिसले. काही जण त्यांच्या मित्रमंडळींत आउट असतात, म्हणजे आपली ओळख उघड सांगितलेली असते, पण घरी नसतात, काही घरी असतात पण जुन्या ऑफिसच्या लोकांत नसतात. तुम्हाला हे आधीच माहीत असणं शक्य नाही, त्यामुळे कुणीच कुठेच आउट नाही असं धरूनच वागायचं.

पहिला निरोप शक्यतो त्यांच्या ओळखीच्या माणसाकडून जाऊ द्या. तुम्ही मेसेज केलात तर त्यात विषयाचं नाव नको, ‘जुन्या आठवणींबद्दल बोलायचं होतं, कधी फोन करू?’ एवढं पुरे. ईमेलच्या सब्जेक्टमध्ये काही लिहू नका, कॅलेंडरचं इन्व्हाइट तर पाठवूच नका, ते घरातल्या सगळ्या स्क्रीनवर उगवू शकतं. आणि विचारून ठेवा: फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू?

पहिली भेट म्हणजे नुसत्या गप्पा. काय करायचंय, कोण ऐकणार, काय विचाराल आणि काय विचारणार नाही ते सांगा. याच भेटीत नाव कुठलं वापरायचं, सर्वनाम कुठलं, स्वतःची ओळख कुठल्या शब्दात सांगतात ते विचारून घ्या. ज्या बाईने आयुष्यभर ‘लेस्बियन’ शब्द वापरलेला नाही तिला तुमच्या पोस्टरच्या सोयीसाठी तो चिकटवायचा नाही.

थांबा, तपासा: या भेटीनंतर त्यांना विचार करायला निदान आठवडा दिलात का? भेटीतच हो म्हणाले असतील तरी द्या. समोर बसलेल्या उत्साही तरुण पोराला नाही म्हणणं अवघड असतं.

## टप्पा ३: परवानगी, एकदा घेऊन भागत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एका पानाचा ‘मी माझी मुलाखत वापरण्यास संमती देतो’ असा फॉर्म आणि खाली सही, हे कागद म्हणून ठीक असेल पण त्यातून माणसाला काहीच निवडता येत नाही, सगळं द्या नाहीतर काही देऊ नका अशी गत.

दोनदा परवानगी घ्या. पहिली रेकॉर्डिंगच्या आधी, ती फक्त रेकॉर्ड करायची आणि जपायची. दुसरी, सगळं लिहून त्यांच्या हातात दिल्यावर, ती वापरायची. माणूस दोन तासांच्या ओघात काय बोलून जातो ते त्याचं त्यालाच नंतर कळतं, आणि तेव्हा काढून टाकायचा हक्क त्याच्याकडे असला पाहिजे.

फॉर्ममध्ये हे वेगवेगळं विचारा, प्रत्येकाला वेगळी खूण:

- नाव: पूर्ण, फक्त पहिलं, त्यांनी निवडलेलं दुसरं, की काहीच नाही
- आवाज ऐकवायचा का, चेहरा दाखवायचा का
- कुठे: बंद कार्यक्रम, प्रदर्शन, इंटरनेट, की फक्त संग्रह
- कधीपासून: लगेच, अमुक वर्षानंतर, की ते गेल्यानंतर
- ते गेल्यानंतर निर्णय कुणाचा

शेवटचा प्रश्न लोक लाजून गाळतात. गाळू नका. कायद्याने जवळचे ठरणारे नातेवाईक हेच कदाचित ते लोक असतात ज्यांच्यापासून आयुष्यभर लपवलं, आणि ज्याच्यासोबत तीस वर्षं संसार केला त्या जोडीदाराचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.

नावाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, नाव न देणं म्हणजे गोष्ट अर्धी होणं असं अजिबात नाही. ११ ऑक्टोबर १९८७ ला वॉशिंग्टनमध्ये एड्सने गेलेल्यांच्या आठवणीची ती प्रचंड गोधडी पहिल्यांदा अंथरली, १,९२० तुकडे होते, आणि त्या गोधडीत पूर्ण नाव नसलेले तुकडेही आहेत. त्यामुळे त्यांचं मोल कमी झालं असं कुणी म्हणणार नाही.

परवानगी मागे घेता येते हेही लिहा, पण खरं लिहा. अमुक तारखेपर्यंत सांगितलंत तर सगळं काढू. एकदा इंटरनेटवर गेलं की आम्ही आमच्याकडचं काढू शकतो, लोकांनी डाउनलोड केलेलं नाही.

सावधान: ‘हे कधीच कुणाच्या हाती लागणार नाही’ असं वचन देऊ नका. बोस्टन कॉलेजच्या बेलफास्ट प्रकल्पात उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या लोकांना मुलाखती त्यांच्या हयातीत बंद राहतील असं सांगितलं होतं, आणि २०११ मध्ये पोलीस तपासासाठी त्याच टेप कायद्याने मागितल्या गेल्या. विषय वेगळा होता, धडा तोच. जिथे समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे तिथे तर काही गोष्टी रेकॉर्डच करायच्या नाहीत, त्या फक्त ऐकायच्या.

## टप्पा ४: अभ्यास आणि प्रश्न

मुलाखतीआधी त्या माणसाच्या वयाप्रमाणे एक साधी टाइमलाइन बनवा, वीस वर्षांचे होते तेव्हा त्या देशात कायदा काय होता, ओळखीपाळखी कशा व्हायच्या, एचआयव्हीची बातमी कधी आली. उदाहरणार्थ पश्चिम जर्मनीत पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं, नाझींनी कडक केलेलं कलम १७५ तसंच्या तसं १९६९ पर्यंत चालू होतं. हे माहीत नसलेला माणूस विचारतो, युद्ध संपल्यावर मोकळं वाटलं असेल ना? समोरचा हसतो आणि गप्प बसतो, मुलाखत तिथेच संपली समजा.

प्रश्न दहा-बाराच्या वर नकोत. आणि ‘तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?’ हा पहिला प्रश्न तर नकोच, तो त्यांना आयुष्यभर सगळ्यांनी विचारलाय आणि त्याचं उत्तर पाठ झालेलं असतं. जागा आणि वस्तूंपासून सुरू करा. त्या शहरात भेटायचं कुठे? तिथे कसं पोचायचात, आत शिरताना पहिलं काय दिसायचं? पत्र कुणाच्या पत्त्यावर यायचं? लँडलाइन घरच्यांनी उचलली तर काय सांगायचं ठरलेलं होतं? अशा प्रश्नांतून जे निघतं ते कुठल्याच पुस्तकात नसतं.

हसण्याचे प्रश्नही ठेवा, प्रेमप्रकरणं, भांडणं, फजिती, कोण नाचायचं भारी. नुसतं दुःख विचारत गेलात तर दुःखच मिळेल, आणि मग म्हणाल की यांच्या आयुष्यात दुसरं काही नव्हतंच.

काय विचारायचं नाही: ट्रान्स माणसाला शस्त्रक्रियेचे तपशील किंवा जुनं नाव, आणि कुणालाही एचआयव्ही आहे का. त्यांनी स्वतःहून काढलं तर ऐका, आणि दुसऱ्या परवानगीच्या वेळी त्या भागाबद्दल वेगळं विचारा.

## टप्पा ५: रेकॉर्डिंगचा दिवस

जागा त्यांनी निवडायची. घरी असेल तर त्या वेळी घरात आणखी कोण असणार ते आधी विचारा, पातळ भिंतीपलीकडे भाचा अभ्यास करत असेल तर माणूस वेगळंच बोलतो. जोडीदार शेजारी बसला तरी गोष्ट बदलते, कधी चांगली होते, कधी एकजण दुसऱ्याला सारखा दुरुस्त करतो. दोघांच्या वेगळ्या मुलाखती आणि मग एक एकत्र, असं जमलं तर उत्तम.

तांत्रिक बाजू पटकन सांगतो. वेव्ह फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ नंतर बनवता येते, उलटं होत नाही. कॉलरचा साधा माइक तोंडापासून वीतभर खाली. पंखा, फ्रिज, भिंतीवरचं टिकटिक घड्याळ, हे तीन आवाज कानाला सवयीने ऐकू येत नाहीत पण माइकला येतात. फोनवर रेकॉर्ड करत असाल तर एअरप्लेन मोड लावा, आणि क्लाउडला आपोआप अपलोड होणं बंद आहे का ते बघा, कारण शेअर्ड खात्यात फाइल गेली की संपलं.

सुरू करण्याआधी तपासा: एक मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकलं? बॅटरी आणि जागा दुप्पट वेळेला पुरेल? पहिल्या परवानगीवर सही झाली? सुरुवातीला तारीख आणि त्यांनी ठरवलेलं नाव बोलायचं. सवयीने खरं नाव बोललात तर ते कायमचं त्या फाइलमध्ये बसलं.

दीड तासाच्या वर एका बैठकीत जाऊ नका. आणि बोलण्यापेक्षा गप्प बसायला शिका, म्हणजे माणूस थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, चार-पाच सेकंद थांबायचं, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. ‘अरेरे’, ‘बापरे’ करू नका, मान हलवा. त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

रडू आलं तर रेकॉर्डर बंद करू का असं विचारा, स्वतःहून बंद करू नका, काहींना ते बोलायचंच असतं. रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच सामान आवरून पळू नका. अर्धा तास नुसतं बसा, दुसऱ्या दिवशी एक फोन करा. चाळीस वर्षं न काढलेला विषय काढल्यावर रात्र जड जाते.

## टप्पा ६: फाइल जपणं, लिहून काढणं, ओळख पुसणं

त्याच दिवशी तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी, आणि सगळ्या पासवर्डने लॉक केलेल्या. फार वाटत असेल तर बर्लिनमधली माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरांची लैंगिकतेवर संशोधन करणारी संस्था आठवा, नाझींनी ती, ६ मे १९३३ ला लुटली आणि १० मेला तिथली पुस्तकं चौकात जाळली, त्यातलं बरंच साहित्य परत कधीच मिळालं नाही. फाइलच्या नावात माणसाचं नाव नको, नुसता क्रमांक, आणि कुठला क्रमांक कुणाचा ती यादी वेगळ्या ठिकाणी.

मग लिहून काढा. एक तासाच्या बोलण्याला सहज पाच-सहा तास लागतात, म्हणून ते दोन-तीन महिने. ऑटोमॅटिक ट्रान्स्क्रिप्शन वापरायचा मोह होईल, पण फाइल कुणाच्या सर्व्हरवर जाते ते बघा, स्वतःच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालणारं वापरलंत तर बरं.

मराठीत लिहिताना एक खास लफडं आहे. आपल्याकडे क्रियापदातच लिंग कळतं, आणि ट्रान्स बाई लहानपणाबद्दल बोलताना ‘मी शाळेत गेलो’ म्हणेल आणि दोन वाक्यांनी ‘मी ठरवलं आणि निघाले’ म्हणेल. चूक समजून सरसकट दुरुस्त करू नका, आणि तुमच्या मनाने एकसारखंही करू नका. जसं बोललं तसं लिहा, मग त्यांना दाखवून विचारा.

आता ओळख पुसणं. स्वतः मुलाखत देणाऱ्याने पूर्ण नाव द्यायला हो म्हटलं तरी त्याच्या गोष्टीतल्या बाकीच्यांनी म्हटलेलं नाही. तो जुना प्रियकर आज लग्न होऊन नातवंडांत रमलेला असू शकतो. जाहीरपणे आउट नसलेल्या प्रत्येक जिवंत माणसाचं नाव काढा. आणि नुसतं नाव काढून भागत नाही, ‘त्या गावातल्या एकमेव बँकेचा मॅनेजर’ म्हटलं की जुन्या लोकांना लगेच कळतं. धंदा, गाव, वर्ष, घटना, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस सापडतो, त्यामुळे एक तरी ढिली करा. सगळ्यात चांगली चाचणी म्हणजे त्यांनाच विचारणं: हे वाचून कोण कोण ओळखेल?

सावधान: आवाज जाड-बारीक करून ओळख लपते असं समजू नका. तो बदल बऱ्याचदा उलटा करता येतो, आणि बोलायची ढब तर तशीच राहते. आवाज नको असेल तर दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.

यानंतर ट्रान्स्क्रिप्ट मोठ्या अक्षरात छापून त्यांच्याकडे न्या (घरी ठेवायला चालेल का ते विचारून), आणि वाचून झाल्यावर मगच दुसरी सही. काही जण अर्धं काढून टाकतील. तुम्हाला सगळ्यात आवडलेला भागच जाईल बहुतेक. जाऊ द्या, मनवायला बसू नका.

## टप्पा ७: फोटो आणि जुने कागद

मूळ फोटो घरी घेऊन जाऊ नका, तिथेच स्कॅन करा, ६०० डीपीआय, टिफ फाइल. मागची बाजूही स्कॅन करा, तारीख आणि नावं तिथे असतात, आणि नेमकी म्हणूनच ती बाजू लोकांना दाखवायची नाही.

पार्टीचा ग्रुप फोटो म्हणजे बाराजणांची परवानगी. मिळाली नाही तर कापा किंवा चेहरे काळ्या पट्टीने पूर्ण झाका, नुसतं धूसर करून पुरत नाही. फोनने फोटो काढला असेल तर फाइलमध्ये घराचं लोकेशन बसलेलं असू शकतं, शेअर करायच्या प्रतीतून ते काढा. जोडीदाराची पत्रं असतील तर लक्षात ठेवा, पत्र ज्याला आलं त्याच्याकडे कागद असतो पण मजकुराचा हक्क साधारणपणे लिहिणाऱ्याचा असतो.

## टप्पा ८: माहिती तपासणं

आठवणीतली चूक आठवणीत राहू द्या, बोललेलं बदलू नका, पण तुमच्या पॅनेलवर आणि पोस्टरवर जे तुम्ही लिहिता ते तपासलेलं हवं. नेहमी चुकणाऱ्या काही गोष्टी:

समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, ती कधी? १९७३ ला काढली ती अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला. दोन्ही एकच समजून सर्रास लिहितात.

‘स्टोनवॉलमध्ये (न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांनी धाड घातल्यावर झालेल्या दंगलीत) पहिला दगड मार्शा पी. जॉन्सन या कार्यकर्तीने मारला’ हे वाक्य तर प्रत्येक पोस्टरवर. तिने स्वतःच मुलाखतीत सांगितलंय की ती पोचली तेव्हा दंगल आधीच सुरू झाली होती. स्टोनवॉलला ‘पहिला उठाव’ही म्हणू नका, सॅन फ्रान्सिस्कोत कॉम्प्टन्स कॅफेटेरियात ट्रान्स लोकांनी पोलिसांविरुद्ध केलेला उठाव १९६६ चा, स्टोनवॉल जून १९६९ चं. आणि १९७८ चा मूळ इंद्रधनुषी झेंडा आठ पट्ट्यांचा होता, सहा नंतर झाले, जुन्या काळाच्या पॅनेलवर सहा पट्टे काढलेत तर जाणकार माणूस तिथेच उभा राहून हसेल.

‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सगळ्यात जुना’ हे शब्द दिसले की खोडा. दहातल्या नऊ वेळा काही बिघडत नाही.

## टप्पा ९: कार्यक्रमाची संध्याकाळ

ज्यांची गोष्ट आहे त्यांना जागा आणि क्रम आधी दाखवा, हॉलमध्ये एकदा नेऊन आणा. त्यांना स्टेजवर बसायचंय की मागच्या रांगेत अनोळखी म्हणून बसून स्वतःची गोष्ट ऐकायचीय, ते त्यांनी ठरवायचं, काहींना दुसरंच आवडतं. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, सूत्रसंचालकाला पैसे आणि ज्याच्या आयुष्यावर कार्यक्रम उभा आहे त्याला फक्त पुष्पगुच्छ, असं बघून राग येतो.

दारातच रंगीत स्टिकर द्या, एका रंगाचा म्हणजे फोटो चालेल, दुसऱ्या रंगाचा म्हणजे नको, आणि फोटोग्राफर एकच, त्याला हे दोनदा समजावलेलं. फेसबुक लाइव्ह बंद. लाइव्ह करायचंच असेल तर ती वेगळी परवानगी, फक्त स्टेजवरच्यांची नाही तर कॅमेऱ्यात येणाऱ्या प्रेक्षकांचीसुद्धा.

प्रश्नोत्तरांना मोकळा माइक फिरवू नका, चिठ्ठ्या घ्या आणि वाचून मग विचारा. कुणीतरी हमखास उठतो आणि ‘तुमच्या घरच्यांनी कसं स्वीकारलं’ वगैरे सुरू करतो किंवा त्याहून वाईट काहीतरी विचारतो, ते माइकवर गेल्यावर आवरता येत नाही.

संध्याकाळी तपासा: कार्यक्रमाआधी तासभर प्रत्येकाला एकट्याने विचारलंत का, अजून हो आहे ना? नाही म्हणाले तर त्या जागी लावायला दुसरं काहीतरी तयार हवं, तेही आधीच ठरवलेलं.

## टप्पा १०: नंतरचं

प्रत्येकाला त्यांच्या रेकॉर्डिंगची प्रत द्या, त्यांना हव्या त्या रूपात. पेन ड्राइव्ह घरी सापडू शकतो, त्यामुळे काहींना ती नकोच असेल. एका ठरलेल्या माणसाचा नंबर द्या, काही काढायचं, बदलायचं, नाव घालायचं असेल तर फोन कुणाला करायचा, आणि तो माणूस ग्रुप सोडून गेला तर नवा नंबर सगळ्यांना कळवायची जबाबदारी कुणाची तेही लिहून ठेवा.

वर्षातून एकदा फाइल्स उघडून बघा चालतात का. बंद ठेवायची मुदत कुणाची कधी संपते याची यादी करा, आणि मुदत संपली तरी ते हयात असतील तर आधी एक फोन करा, मग उघडा.